काटा वर येत नव्हता

शेठ गॅरेजवर आले ते वही घेऊनच. पाच महिन्यांचं डिझेल आणि किलोमीटर, तारखेवार लिहिलेलं. "मिस्त्री, साडेचारचं अ‍ॅव्हरेज तीनवर आलंय. पंप बघा. पंप चांगला निघाला, तर डिझेल कोण खातंय ते मला कळलंच." मामा, म्हणजे त्यांचे ड्रायव्हर, तिथंच पायरीला हात लावून उभे होते. दर महिन्याला त्यांच्या पगारातून दोन हजार कापले जातात, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी २००३ सालची टाटा १६१३, पाठीवर क्रेन बसवलेली. खंबाटकी घाटात बंद पडलेली, कलंडलेली वाहनं उचलून शिरवळला आणायची, हे तिचं काम. बॉनेट उघडलं तर डिझेलच्या पाइपवर लोहचुंबक बांधलेलं. कुणीतरी अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणून शेठना विकलं होतं. असल्या वस्तू विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. चुंबकानं डिझेलला काहीही होत नाही.

इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप खोलायला मी नकार दिला. पंप जास्त डिझेल सोडत असेल तर चढावर काळा धूर दिसतो, आणि मामा म्हणाले धूर नाही. पंप 'कमी करून', म्हणजे डिझेल कमी सोडेल असा लावून, देणारे आमच्या धंद्यात खूप आहेत. त्यानं गाडीची ताकद जाते, चौथ्या गिअरचा चढ तिसऱ्यात चढावा लागतो, वेळ वाढतो, आणि वाचवलेलं डिझेल तिथंच संपतं. टोइंगच्या गाडीला तर हे मुळीच करू नये.

तेवढ्यात घाटातून फोन आला. कांद्याचा ट्रक, एक्सल तुटलेला. टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली आणि मीही केबिनमध्ये बसलो.

घाट पूर्ण चढून जागेवर पोचलो तरी इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचा काटा ६० अंशांच्या वर सरकला नव्हता. मी तो काटा बघत राहिलो. दोन उन्हाळ्यांपूर्वी हीच गाडी याच घाटात गरम होत होती. रेडिएटर साफ करायला हवा होता, पण शेठना गाडी संध्याकाळीच हवी होती, म्हणून मी थर्मोस्टॅट काढून टाकला. आमच्याकडे सगळेच काढतात. पाणी ८० अंशांच्या आसपास जाईपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट अडवून धरतो. तो नसला की इंजिन कायम थंड राहतं, ऑइल जाड राहतं, डिझेल नीट जळत नाही, लायनर-पिस्टनही लवकर झिजतात. पावसाळ्यात परत बसवू म्हणालो होतो.

ट्रकचे दोन्ही बाजूंचे एक्सल उपसले, चाकांच्या हबची तोंडं बंद केली, आमच्या हवेच्या टाकीतून त्याला पाइप जोडला. हवा नसेल तर त्या ट्रकचे ब्रेक सुटतच नाहीत. पुढचा भाग उचलेपर्यंत क्रेनसाठी इंजिन एक तास चाळीस मिनिटं चालू होतं. या वेळात किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर मोजून बघितलं, क्रेन चालवताना तासाला सव्वाचार लिटर लागतं. शेठच्या वहीत या तासांना रकानाच नव्हता.

परतताना बोगदा संपल्यावर मामांनी गिअर न्यूट्रलला टाकला. मी ओरडलोच. मागं भरलेला ट्रक, पुढं तो एस आकाराचा उतार! ते म्हणाले, "शेठनीच सांगितलंय, डिझेल वाचतं म्हणून." वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय सोडला की पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या वेगाप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारा भाग, उतारावर डिझेल बंद करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो.

शिरवळला उतरल्या उतरल्या आमच्या गाडीच्या सगळ्या हबना हात लावून बघितला. मागच्या डाव्या हबला हात टेकवता येईना. जॅक लावला तर चाक हातानं अर्धा फेराही फिरेना. ड्रम काढला तर आत ब्रेकची रिटर्न स्प्रिंग तुटलेली, कॅम गंजलेला, म्हणजे ब्रेक पुरता सुटतच नव्हता. त्याच बाजूच्या आतल्या टायरात हवा ६० पौंड, बाकी सगळ्यांत शंभरच्या जवळ. आतल्या टायरचा वॉल्व्ह हाताला लागत नाही म्हणून हवा भरणारी पोरं तो सोडूनच देतात.

ब्रेक दुरुस्त केला, रेडिएटर साफ केला, नवा थर्मोस्टॅट बसवला. त्याचे पैसे घेतले नाहीत. थर्मोस्टॅट मीच काढला होता हे शेठना मामांसमोरच सांगितलं. शेठ थोडा वेळ गप्प बसले, मग वही उघडून क्रेनच्या तासांचा रकाना आखला. कापलेले पैसे त्यांनी दोन हप्त्यांत परत दिले. आता अ‍ॅव्हरेज चार मिळतंय, क्रेनचे तास वेगळे धरून.

गेल्या दिवाळीच्या आधी मामा ग्रीसिंगला आले होते. जाताना म्हणाले होते, "मिस्त्री, काटा आता वरच येत नाही बघा." मी ते माझं कौतुक समजून हसलो होतो. पगार कापायला सुरुवात झाली ती त्यानंतरच.