नवीन कार्पेट आणि जिन्यातली ढिली पायरी

शेवटी आज जिना नीट झाला. खालच्या खोलीचं अजून बाकी आहे पण जिन्याची काळजी मिटली. सगळं डोक्यात ताजं आहे तोवर उतरवून ठेवते, कारण आपल्यातले बरेच जण इथे इंग्लंडमध्ये पहिलं घर घेतात आणि कार्पेट हा प्रकार आपण लहानपणापासून बघितलेलाच नसतो. फरशी कशी बघायची ते आपल्याला येतं, ठोकून पोकळ वाजते का बघायचं, बाथरूममध्ये पाणी ओतून उतार जाळीकडे आहे का बघायचं. कार्पेटमध्ये काय बघायचं हे आपल्याला कोण सांगणार?

आमचं घर रेडिंगला. खाली बैठकीची आणि जेवायची मिळून एल आकाराची एकच खोली, मग जिना आणि वर बेडरूम्स. आधीच्या लोकांचं कार्पेट पार झिजलेलं होतं, म्हणून यंदाची भारतवारी पुढे ढकलून चांगलं घेतलं, 80 टक्के लोकर आणि 20 टक्के नायलॉनवालं, खाली जाड अंडरले, म्हणजे कार्पेटखाली घालायचा मऊ थर. मला ते मनापासून आवडलं होतं आणि म्हणूनच जास्त लागलं.

फिटर सकाळी आला, भराभर काम उरकलं आणि गेला. दुपारी बागेच्या बाजूने ऊन आत आलं आणि खोलीत सरळ दोन रंग दिसायला लागले, बैठकीकडे फिकट बेज आणि जेवायच्या टेबलाखाली गडद, मध्ये सांध्याची सरळ रेघ. आधी वाटलं वेगळाच रोल आणला की काय, पण तसं नव्हतं. कार्पेटला मखमलीसारखी लव असते, हात एका दिशेने फिरवला की मऊ लागतं आणि उलटा फिरवला की अडतं, आणि लव कुठे झुकलीय त्यावर उजेड कसा पडतो ते ठरतं. रोल इथे साधारण 4 किंवा 5 मीटर रुंद येतात, एल आकाराच्या खोलीत जोड द्यावाच लागतो त्याबद्दल तक्रारच नाही, पण दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी. याने माल वाचवायला जेवायच्या बाजूचा तुकडा आडवा फिरवून लावला होता. फोन केला तर म्हणे काही आठवड्यांत बसेल. बसत नाही! नवीन लोकरीच्या कार्पेटमधून सुरुवातीला खूप फज, म्हणजे सुटे तंतू, निघतो तो हळूहळू कमी होतो, नवा वास जातो, रोलच्या घड्यांच्या खुणाही उतरतात, पण आडवा लावलेला तुकडा जन्मभर आडवाच राहणार.

बाकी खोलीत दिवाणाजवळ लाटाही होत्या. मोठ्या खोलीत कार्पेट पॉवर स्ट्रेचर नावाच्या लांब दांड्याच्या यंत्राने ताणून मग कडेच्या खिळ्यांच्या पट्ट्यांवर, म्हणजे ग्रिपरवर, अडकवायचं असतं. हा फिटर फक्त गुडघ्याने ढकलायचं ते छोटं हत्यार घेऊन आला होता. ते लहान खोलीला चालतं, आमच्या खोलीला नाही पुरलं.

मी रंगावरून चिडले होते आणि हा (माझा नवरा) म्हणत होता जाऊ दे गं, टेबलाखाली कोण बघतंय, सवय होईल. तेवढ्यात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या सहा महिन्यांसाठी आल्यायत, जिन्यावरून हळूहळू खाली आल्या आणि म्हणाल्या, "रंगाचं नंतर बघा रे, मला वरच्या पायरीवर पाय सरकल्यासारखं होतंय." मी जाऊन हाताने दाबलं तर पायरीच्या पुढच्या कडेवर कार्पेट चक्क हलत होतं, बोटांच्या चिमटीत येत होतं. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्या क्षणापासून ह्याने एकदाही जाऊ दे म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट जी इथल्या फिटरच्या लक्षात येत नाही बहुतेक, आपण घरात अनवाणी असतो. चपला-बूट दाराबाहेर. बेडरूमच्या दारातली ग्रिपर पट्टी चालण्याच्या वाटेवर आली होती आणि तिचे खिळे लवेतून वर टोचत होते, लेकाच्या तळव्याला लागलं तेव्हा कळलं. आम्ही खाली बसून जेवतो, आई खाली बसूनच जप करतात, आमच्यासाठी जमीन ही नुसती चालायची जागा नाही. हे मी दुकानात तसंच सांगितलं आणि तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं याचं मला बरं वाटलं.

दुकानात आधी म्हणाले फिटर आमचा नोकर नाही, स्वतंत्र आहे, त्याच्याशी बोला. इथे बहुतेक फिटर स्वतंत्रच असतात हे खरं. पण फिटिंगचे पैसे आमच्या बिलात दुकानानेच लावले होते, म्हणजे आमचा करार दुकानाशी. (फिटरला तुम्ही वेगळे रोख पैसे दिले असतील तर मात्र फिटिंगचा करार त्याच्याशी होतो, तेव्हा बिल कोणाचं आहे हे बघा.) 2015 च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टमध्ये स्पष्ट आहे की काम योग्य काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवं, झालं नसेल तर त्यांनी स्वखर्चाने, वाजवी वेळात परत करून द्यायचं, आणि ते जमत नसेल तर किंमत कमी करायची. शिवाय आम्ही क्रेडिट कार्डावर घेतलं होतं, 100 पौंडांच्या वर आणि 30,000 पर्यंतच्या वस्तूला 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं सेक्शन 75 लागू होतं, म्हणजे दुकानाइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार. मी आवाज चढवला नाही, उन्हातले फोटो, पायरीचा व्हिडिओ, तारखा सगळं मेलमध्ये घातलं. फोनवरचं बोलणं हवेत विरतं, मेल राहते.

आणि जे त्यांचं चुकलं नाही ते मी त्यांच्या माथी मारलंही नाही. जाड कार्पेटमुळे दोन दारं खाली घासतायत, पण दारं तासणं हे सुताराचं काम, कोटेशनमध्येच लिहिलं होतं.

आज दुसरे फिटर आले, वयस्कर, कमी बोलणारे. आल्या आल्या बूट काढले, न सांगता! मग अख्ख्या जिन्यावरून एकदा हात फिरवला, काही न बोलता मान हलवली आणि वरून खालपर्यंत सगळं उखडलं. प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात दोन ग्रिपर समोरासमोर, एक आडव्या फळीवर एक उभ्या, आणि मध्ये एवढीशी फट, त्या फटीत कार्पेट छिन्नीसारख्या पात्याने ठोकून घट्ट बसवायचं. आधीच्याने फट ठेवलीच नव्हती त्यामुळे कार्पेट पकड घेत नव्हतं. अंडरले पायरीच्या कडेवरून खाली वळवून घेतला, लव जिना उतरताना खाली झुकेल अशी ठेवली. मी चहा दिला तर प्रत्येक पायरी मला दाबून बघायला लावली, मगच पुढची. असं काम बघताना खरंच हात जोडावेसे वाटतात. बेडरूमच्या दारातली पट्टीही मागे सरकवून दिली, पैसे विचारले नाहीत.

जेवायच्या बाजूचा तुकडा बघून ते म्हणाले की हा फिरवून पुरणार नाही, नवीन लागेल आणि तो त्याच डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालातला हवा, नाहीतर लव जुळली तरी छटा जुळणार नाही. हे मला माहीत नव्हतं, लगेच रोलवरच्या लेबलचा फोटो शोधून दुकानाला पाठवला. उरलेले तुकडे मी टाकू दिले नव्हते ते माळ्यावर आहेत, ताडून बघायला उपयोगी पडतील.

शुक्रवारी दुकानाचा माणूस माप घ्यायला येतोय, त्याला दुपारचीच वेळ दिलीय म्हणजे ऊन असताना बघेल. लॉट मिळाला तर तुकडा बदलायचा आणि मोठ्या खोलीचं स्ट्रेचरने परत ताणायचं, लॉट नाही मिळाला तर खालचं सगळंच बदलून द्यायचं, असं मेलमध्ये लिहून पाठवलंय आणि ह्याचीही त्यावर सही आहे.