काळ्या मातीवर ब्लॉकचा वाफा: शिकागोतली पद्धत, पुण्यातला पाया

शिकागोच्या आसपासच्या उपनगरांत घरामागच्या अंगणात काँक्रीट ब्लॉकचे उंच वाफे दिसतात. गुडघ्याच्या जरा वर येणारी भिंत, आत भाजी किंवा फुलझाडं आणि वरच्या कडेवर बसायला जागा. वाकून खुरपावं लागत नाही, म्हणून वयस्कर माणसांना हे वाफे फार सोयीचे. त्यांचे व्हिडिओ पाहून पुण्यातही बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या अंगणात तसा वाफा करावासा वाटतो, आणि करावाच. पण शिकागोतली कृती जशीच्या तशी पुण्यात उतरवली, तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटतं. ब्लॉक दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आहे, जमीन मात्र सारखी नाही.

आधी ब्लॉकचं बघू. अमेरिकेत ज्याला आठ बाय आठ बाय सोळा म्हणतात, तो पोकळ ब्लॉक प्रत्यक्षात प्रत्येक बाजूने तीन-अष्टमांश इंच कमी असतो. तेवढी जागा सिंमेट-वाळूच्या मालाच्या सांध्याची. आपल्याकडचा ४०० × २०० × २०० मिलिमीटरचा पोकळ ब्लॉकही मोजला तर ३९० × १९० × १९० भरतो आणि सांधा १० मिलिमीटरचा धरतात. त्यामुळे अमेरिकन आराखड्यातली ब्लॉकची संख्या पुण्यात जवळपास तशीच लागू पडते. अमेरिकेत जुनी माणसं याला अजून ‘सिंडर ब्लॉक’ म्हणतात, कारण पूर्वी त्यात दगडी कोळशाची राख आणि खंगर घालत. आजचा ब्लॉक सिमेंट, वाळू आणि बारीक खडीचा असतो. पाडकामातून आलेले जुने ब्लॉक मात्र भाजीच्या वाफ्याला वापरू नयेत, त्यांत काय मिसळलेलं आहे ते सांगता येत नाही.

पुण्यात ब्लॉक घेताना दोन गोष्टी हाताने तपासा. दोन ब्लॉक एकमेकांवर हलके आपटले की खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर ब्लॉक कच्चा आहे. मग कडेवर किल्लीने ओरखडा काढा. वाळू भुरभुर गळत असेल तर तो माल परत पाठवा. ब्लॉक पाडून किमान चार आठवडे झालेले असावेत. हलके पांढरे एएसी ब्लॉक या कामाला घेऊ नका. घराच्या आतल्या भिंतींना ते उत्तम, पण पाणी पितात, आणि वाफ्याची भिंत बारा महिने ओल्या मातीला टेकून असते.

आता जमीन. शिकागोत थंडीमध्ये जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि वरचं बांधकाम उचलतं. म्हणून तिथे पक्क्या पायाची खोली ४२ इंच धरतात. पुण्यात बर्फ नाही, पण तेच काम काळी माती करते. मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैमध्ये तीच माती पाणी पिऊन फुगते. भिंतीचा एक कोपरा वर, दुसरा खाली, असं दरवर्षी होत राहतं. टेकडीच्या उतारावर घर असेल तर बऱ्याचदा हात-दीड हात खणलं की मुरूम लागतो आणि प्रश्न मिटतो. नदीकाठच्या भागात काळी माती खोल असते, तिथे पायावर खर्च करावाच लागतो.

खणण्याआधी अमेरिकेतली एक चांगली सवय सांगायलाच हवी. तिथे ८११ वर फोन केला की माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्या रंगाने आखून देतात: गॅसला पिवळा, विजेला लाल, पाण्याला निळा, टेलिफोन-इंटरनेटला केशरी. यासाठी पैसे पडत नाहीत. पुण्यात हे आपल्यालाच करावं लागतं. सोसायटीचा नकाशा काढा, गॅसची पिवळी पाइप मीटरपासून कुठे जमिनीत शिरते ते बघा, ड्रेनेजच्या दोन चेंबरमध्ये सरळ दोरी धरा. त्या रेषेवर वाफा नको, आणि तिच्या आसपास पहार नको.

माप असं धरा: बाहेरून ३.२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, तीन रद्द्यांचा (रद्दा म्हणजे ब्लॉकचा एक थर), म्हणजे ६० सेंटिमीटर उंच. हे माप मुद्दाम निवडलं आहे. ब्लॉकची लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असल्याने पहिल्या रद्द्यात लांब बाजूला आठ-आठ आणि आडव्या बाजूला दोन-दोन ब्लॉक बसतात. दुसऱ्या रद्द्यात कोपरा उलटा फिरवला की लांब बाजूला सात-सात, आडव्या बाजूला तीन-तीन. दोन्ही वेळा बेरीज वीसच. सांध्यावर सांधा येत नाही, म्हणजे सांधमोड आपोआप मिळते आणि एकही ब्लॉक तोडावा लागत नाही. एकूण साठ ब्लॉक लागतात. फुटतुटीसाठी चार जास्त मागवा. आतली रुंदी ८० सेंटिमीटर राहते, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो.

पायासाठी ४० सेंटिमीटर रुंद चर चारी बाजूंनी खणा. चराच्या मध्यरेषेची लांबी आठ मीटर येते. मुरूम लागला तर तिथेच थांबा. नाही लागला तर ४५ सेंटिमीटरपर्यंत काळी माती काढून टाका आणि खालचे ३० सेंटिमीटर मुरमाने भरा. हा मुरूम एकदम ओतायचा नाही. १५ सेंटिमीटरचा थर, पाणी शिंपडणं, धुमसाने ठोकणं, मग दुसरा थर. टाच मारली तर खळगा पडू नये इतपत. सुटा मुरूम अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) पुरतो. काढलेली काळी माती पुन्हा चराच्या कडेला भरू नका, तिथेही मुरूमच दाबा.

त्यावर १५ सेंटिमीटर जाडीचं १:२:४ काँक्रीट. एका गोणीला दोन फरमे (फरमा म्हणजे माल मोजायची पेटी) वाळू आणि चार फरमे २० मिलिमीटरची खडी, असा हिशोब. तीन गोण्या सिमेंट, सात-साडेसात घनफूट क्रश सँड आणि पंधरा घनफूट खडी लागते. काँक्रीट ओतण्याआधीच १० मिलिमीटरच्या सळ्या एल आकारात वाकवून उभ्या करा: चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंना साधारण ८० सेंटिमीटरवर तीन-तीन, एकूण दहा. प्रत्येक सळी ब्लॉकच्या पोकळीच्या मधोमध यायला हवी, म्हणून पहिला रद्दा कोरडाच मांडून खडूने खुणा करून घ्या. या खुणा न करता ओतलं, तर सळी ब्लॉकच्या मधल्या पडदीवर येते आणि मग गवंडी ती वाकवून ढकलतो. तशी वाकडी सळी कामाची राहत नाही.

बांधताना गवंड्याशी बहुतेक वेळा वाद होतो तो ब्लॉक भिजवण्यावरून. वीट पाण्यात बुडवून वापरायची, हे बरोबर. काँक्रीटचा पोकळ ब्लॉक मात्र कोरडाच लावायचा. फार ऊन असेल तर वरून नुसता हात ओला फिरवायचा. भिजलेला ब्लॉक भिंतीत वाळतो, वाळताना आकसतो आणि सांध्यात केसाएवढ्या भेगा पडतात. पुढे त्याच भेगांतून पाणी आणि लोणा, म्हणजे पांढरा क्षार, बाहेर येतो.

माल १:४ चा, पाऊण गोणी सिमेंटमध्ये होतो. आधी चारी कोपरे उभे करा. गुण्या लावा किंवा तीन-चार-पाचच्या मापाने काटकोन तपासा. मग लाइनदोरी बांधून मधले ब्लॉक. प्रत्येक रद्द्याला ओळंबा आणि पाणसळ. सळी असलेल्या दहा पोकळ्या बारीक खडीच्या काँक्रीटने भरा आणि सळीनेच खोचा, आत पोकळ जागा राहू नये. बाकीच्या पोकळ्या रिकाम्या ठेवल्या तरी चालतात. बांधकामाला किमान सात दिवस, शक्यतो दहा, गोणपाट टाकून पाणी मारा. माती त्यानंतर.

आता आमच्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ६० सेंटिमीटर उंचीची साधी ओलसर माती भिंतीच्या मीटरभर लांबीला ढोबळमानाने १३० किलोंच्या वजनाएवढा रेटा देते. तोच वाफा पाण्याने तुडुंब भरला आणि पाण्याला वाट नसली, तर हा रेटा पावणेदोनपटीच्या आसपास जातो. म्हणजे भिंत पाडायला टपलेलं असतं ते पाणी. पहिल्या रद्द्यात, बाहेरच्या जमिनीच्या जरा वर, दर ८० सेंटिमीटरला २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा आरपार बसवा, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. आतून पाइपच्या तोंडावर जाळी. लांब भिंतींच्या आतल्या बाजूला १० सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर उंच खडीचा पडदा भरा आणि माती व खडीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड सोडा. कापड नसेल तर माती खडीत उतरते आणि दोनेक वर्षांत पाइप बुजतात. ग्रीन नेट त्याच्या जागी चालत नाही, तिची भोकं मोठी असतात.

तळाला मात्र खडीचा थर घालू नका. कुंडीत घालतात तसा तो इथेही घालायची पद्धत आहे, पण बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. ते मातीच्या तळाशी लोंबत राहतं आणि मुळं तिथेच कुजतात. तळ उघडा ठेवा, जमीन कुदळीने सैल करा आणि थेट माती भरा. भिंतीच्या आतून सिमेंट-पॉलिमरचा दोन हात लेप द्या. भाजी लावायची असेल तर डांबर नको. लेप नसेल तर नव्या काँक्रीटचा चुना मातीत उतरतो. अनंताची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या, तर कारण बहुधा हेच. मेथी, पालक, मोगरा यांना एवढा त्रास होत नाही.

आत साधारण एक घनमीटर, म्हणजे एक तृतीयांश ब्रासपेक्षा थोडं जास्त मिश्रण लागतं: निम्मी लाल माती, बाकीच्यात शेणखत जास्त आणि कोकोपीट कमी. पहिल्या पावसात ते चार बोटं खाली बसतं, त्यासाठी दोन पोती खत राखून ठेवा. वरच्या कडेला कडप्पा किंवा शहाबादी फरशी लावा, दोन्हीकडे अडीच-तीन सेंटिमीटर बाहेर काढून, आणि खालच्या बाजूला कटरने एक खाच मारून घ्या. थेंब त्या खाचेशी सुटतो, भिंतीवरून ओघळत नाही. दुपारी कडप्पा चांगलाच तापतो. बसायची जागा हवी असेल तर शहाबादी बरी.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो, तोवर भिंत पक्की आणि माती भरलेली हवी.

पुढे भेग पडलीच तर तिचा आकार कारण सांगतो. जिन्याच्या पायऱ्यांसारखी सांध्यासांध्यांतून चढत गेलेली भेग म्हणजे पाया एका बाजूला बसला किंवा उचलला गेला. दोष काळ्या मातीचा, वरून दर्जा भरून, म्हणजे सांधे नुसते सिमेंटने बुजवून, उपयोग नाही. पहिल्या-दुसऱ्या रद्द्यामध्ये आडवी, सरळ भेग आणि भिंतीचा हलका फुगवटा म्हणजे आतून रेटा: पाइप बुजले आहेत. आधी ते मोकळे करा, माती थोडी उपसा. नुसता पांढरा लोणा दिसला तर घाबरायचं कारण नाही. कोरड्या ब्रशने झाडा आणि आतला लेप कुठे सुटला ते शोधा.

एवढा पाया करायचा नसेल तर अमेरिकेतला सोपा प्रकार आहे. मुरमाच्या ठोकलेल्या बैठकीवर, सिमेंटशिवाय, फक्त दोन रद्दे. जमीन हलली तर ब्लॉक हलतात आणि हाताने पुन्हा सरळ करता येतात. पोकळ्यांत माती भरून पुदिना किंवा ओव्याचं पान लावतात. उन्हाळ्यात त्या लवकर सुकतात, रोज पाणी लागतं. अमेरिकेत एक खाचांचा ब्लॉकही मिळतो, चारी बाजूंच्या खाचांत लाकडी फळ्या सरकवायच्या. दिसायला सुरेख, पण मातीला टेकलेली लाकडी फळी आणि पुण्यातली वाळवी यांचं जमणार नाही.

दोन ठिकाणी हा वाफा बांधूच नका. एक, कंपाउंडच्या भिंतीला चौथी बाजू समजून. ती भिंत मातीचा रेटा घ्यायला बांधलेली नसते. कोंढव्यात २९ जून २०१९ च्या मुसळधार पावसाच्या रात्री भिंत कोसळून मजूर आणि त्यांची मुलं मिळून पंधरा जणांचा जीव गेला. ती भिंत कितीतरी मोठी होती, पण पावसाळ्यात भिंतीच्या बाबतीत ‘चालतंय’ म्हणू नये. दुसरी जागा गच्ची. वापरात असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलोंचा चल भार, म्हणजे माणसं आणि सामानाचं वजन, धरतात. या वाफ्यातली ओली माती एकटीच हजार किलोंच्या घरात जाते, ब्लॉकचं वजन वेगळं. गच्चीवर ग्रो बॅग आणि हलक्या कुंड्या ठेवा, आणि त्यापेक्षा जड काही हवं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा.