भोसरीला गर्डर बघायला जाताना

गावच्या मंगल कार्यालयाला 18 मीटर गाळ्याची शेड घालायची आहे. मागच्या शेडचे गर्डर रंगवूनच आले होते. दोन वर्षांनी रंग उडाला, तेव्हा टोकाकडची वेल्डिंग अर्धवट सोडलेली दिसली. म्हणून या वेळी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारायच्या आधीच प्लेटी जोडून गर्डर बनवणारा कारखाना गाठला. साताऱ्याहून पहाटेची एसटी, पुढे स्वारगेटहून भोसरीची बस. गुरुवारी मात्र जाऊ नका, तिकडच्या एमआयडीसीला त्या दिवशी सुट्टी असते.

बाजारात मिळणारा आयएसएमबी, म्हणजे तयार ‘आय’ आकाराचा गर्डर, तापलेल्या लोखंडातून लाटून निघतो. त्याचे ठरलेले साइज असतात, 600 मिलिमीटर उंचीला ते संपतात, आणि फ्लेंजची, म्हणजे वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांची, आतली बाजू उतरती असते. इथे कारखान्यात सगळ्या सपाट प्लेटी, त्या वेल्ड करून गर्डर बनतो. आमच्या खांबांचं वेब, म्हणजे दोन फ्लेंजमधली उभी प्लेट, तर एकाच लांब प्लेटीला तिरका काप देऊन काढलं होतं. एका कापात दोन निमुळते तुकडे, वाया काहीच नाही. खांब आणि राफ्टर (छपराचा तिरका गर्डर) मिळतात तिथे वाक सगळ्यात जास्त येतो, म्हणून तिथे उंची जास्त, पायाशी कमी.

वेब-फ्लेंज टॅक करून, म्हणजे वेल्डचे छोटे टाके मारून, सबमर्ज्ड आर्क वेल्डिंगच्या यंत्राखाली घेतात. त्यात ठिणगी दिसतच नाही. फ्लक्स नावाच्या वाळूसारख्या भुकटीखाली विजेचा आर्क चालतो, गाडी पुढे सरकते आणि मागे स्लॅगची, म्हणजे वितळून गोठलेल्या फ्लक्सची, पापडी आपोआप सुटत जाते. खाली निघालेली वेल्ड इतकी एकसारखी, की हात फिरवावासा वाटला. फिरवू नका, बराच वेळ तापलेली असते!

खरं बघण्यासारखं त्यानंतर आहे. वेल्ड थंड होताना आकसते आणि फ्लेंजच्या कडा वेबकडे ओढते. फोरमनकाकांनी फ्लेंजवर आडवी पट्टी ठेवली. मधोमध टेकली, दोन्ही कडांना फट. मग गर्डर रोलरांमधून दाबून काढला आणि पट्टी पुन्हा ठेवली. फट गेली होती. हे काम झालंय का, ते प्रत्येक नगावर तपासा. सोबत पट्टी, गुणिया, टेप आणि ड्रॉइंगची प्रत हवीच. प्लेटीवरचा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा. वेल्डची दोन्ही टोकं नीट बघा, चुकारपणा तिथेच होतो.

शेजारी क्रेनसाठी बॉक्स गर्डर चालला होता. चार प्लेटींचा, पीळ सहन करणारा. आतल्या आडव्या प्लेटी तपासायच्या तर चौथी प्लेट बसायच्या आत, नंतर डोळ्यांना काही दिसत नाही.

सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चामड्याचे बूट घाला. टॅक मारताना आर्ककडे पाहू नका. आणि घरून निघण्यापूर्वी गावातलं सगळ्यात अवघड वळण मोजून ठेवा. आमच्या वेशीपाशी लांब ट्रेलर वळत नाही, म्हणून राफ्टर दोन तुकड्यांत करून मधे बोल्टचा जोड घ्यायला सांगून आलो.