मागचं चाक: चौथं पंक्चर आणि एक पांढरी रेघ

सोमवारी कात्रजच्या जुन्या घाटात सायकलचं मागचं चाक परत बसलं. तीन आठवड्यांत चौथ्यांदा. टायरच्या आतून बोट फिरवलं तर ना काच, ना तार, ना बाभळीचा काटा.

मागच्या वेळी मी छातीठोकपणे रिम टेपवर (रिमच्या आतून ट्यूबखाली लावतात ती पट्टी) खापर फोडलं होतं. ते मागे घेतो. कापडी टेप लावून झाली, स्पोकची निप्पलं (रिममध्ये स्पोक धरणारे छोटे नट) एकेक चाचपून झाली, तरी रडगाणं तेच.

या वेळी ट्यूब काढायच्या आधी व्हॉल्वपाशी टायरवर खडूची खूण केली. बादलीत बुडवल्यावर बुडबुडे आले व्हॉल्वपासून वीतभर अंतरावर. भोक गोल नव्हतंच. केसाएवढी चीर, आणि तिच्या दोन्ही टोकांना पांढुरकी रेघ, साडीची घडी विरते तशी. आधीच्या तिन्ही ट्यूब माळ्यावरून काढल्या (मी फेकत नाही, घरचे बोलतात). चिरेची जागा तिन्हींवर वेगळी, रेघ मात्र हुबेहूब. निप्पल टोचत असतं तर जागा बदलली नसती.

मग ट्यूबवरचे आकडे वाचले, जे पहिल्याच दिवशी वाचायला हवे होते: ७०० × ३५-४३, म्हणजे सातशेच्या ३५ ते ४३ मिलिमीटर रुंद टायरसाठी. माझा टायर २८-६२२: रुंदी २८, रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर, सातशे म्हणतात तो हाच. घेर जुळतो म्हणून ट्यूब चढते, पण २८ मिलिमीटरच्या पोटात ती मावत नाही. दुमडते, आणि चाक फिरेल तशी घडी घासत राहते. दुकानदार म्हणाला होता, "सातशेची सगळ्या सातशेला चालते हो, रबरच आहे." काका, रबर ताणतं. आकसत नाही!

दुसरीकडून २५-३२ ची आणली. आधी गोल होईल इतपत हवा, वरून पावडरचा हात. टायर व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने चढवायला घेतला आणि शेवट व्हॉल्वपाशी केला. मग व्हॉल्व एकदा आत ढकलला, म्हणजे ट्यूब टायरच्या कडेखाली अडकत नाही. सगळं अंगठ्यांनी. लिव्हर काढताना ठीक, चढवताना त्यानेच ट्यूब चिमटते. ७५ पीएसआय भरले. काल घाट चढून-उतरून आलो, आज सकाळीही चाक दगडासारखं टणक.

राहिल्या ३५-४३ च्या दोन कोऱ्या ट्यूब. दुकानदार परत घेणार नाही म्हणतो. हे लिहितानाच बाबांच्या जुन्या सायकलकडे लक्ष गेलं: २८ × १½, म्हणजे ४०-६३५. (हो, आपल्या दूधवाल्याच्या 'अठ्ठावीस'ची रिम हल्लीच्या २९ इंचीपेक्षा मोठी, कारण २९ सुद्धा ६२२ च.) व्यासात १३ मिलिमीटरचा फरक, म्हणजे घेरात जेमतेम ४१, दोन टक्के. एवढं ताणायला रबराची हरकत नसावी, म्हणून याच दोन ट्यूब तिला. आधी वॉलट्यूबवालीच (व्हॉल्वमध्ये रबरी नळी असते ती जुन्या पद्धतीची) ट्यूब घालायची ठरवली होती, ते रद्द. दर महिन्याला कुजणारी ती रबरी नळी एकदाची सुटेल आणि पेट्रोल पंपावर हवा भरता येईल.

आत्ताच उठून बाबांच्या सायकलच्या रिमच्या भोकात व्हॉल्व घालून पाहिला. किंचित घट्ट आहे, पण नट बसतो. तिचं पुढचं चाक रविवारी.