तुम्ही विचारलंत म्हणून: कुकर असताना पाच तास धूर कशाला?

मी झाकणवाल्या ड्रममध्ये कोळशाच्या मंद धुरावर मटण शिजवतो, आणि हा प्रश्न मला मेव्हण्यापासून सिलेंडर आणून देणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. "चार शिट्ट्यात मटण शिजतंय की ओ, तुम्ही सकाळधरनं परड्यात त्या ड्रमपाशी काय करत बसताय?" कोल्हापूरचे पाहुणे तर जरा टोचूनच विचारतात, कारण त्यांच्या मते मटण म्हणजे तांबडा-पांढरा आणि बाकी सगळी फॅशन. तर एकदाच नीट सांगून टाकतो.

पहिली गोष्ट, रस्सा पाहिजे असेल तर कुकरच. त्यात वादच नाही, जत्रेतलं चुलीवरचं पातेलं असेल तर आणखी उत्तम. मी जे करतो ते रश्श्याच्या ऐवजी नाही, ते वेगळंच खाणं आहे.

आणि गंमत बघा, कुकरमधलं आणि माझ्या ड्रममधलं तापमान जवळजवळ सारखंच असतं. कुकरची शिट्टी वाजते तेव्हा आत साधारण 120 अंश सेल्सिअस असतं आणि ड्रम मी 110 ते 120 च्या मधे ठेवतो. मग एकाला अर्धा-पाऊण तास आणि दुसऱ्याला पाच तास का? कुकरमध्ये वाफ कोंडलेली असते, ती मटणाला चारी बाजूंनी भिडते, मटण आतपर्यंत तेवढंच तापतं, आणि जे काही चिवट आहे ते पटकन विरघळून रश्श्यात उतरतं. ड्रममध्ये हवा कोरडी आणि वाहती. मटणाच्या अंगावरचं पाणी सुकत राहतं आणि सुकता सुकता मटणाला गार करत राहतं, माठातलं पाणी गार होतं ना तसंच. त्यामुळे आतलं तापमान 65-70 अंशांपर्यंत बरं चढतं आणि तिथं जे अडून बसतं ते तास तासभर आकडा हलत नाही. नवीन माणूस इथंच घाबरतो आणि कोळसा वाढवतो, मग बाहेरनं काळं आणि आतनं रबर. काही करायचं नाही, बसायचं. त्या बसण्याच्या वेळातच वरची साल सुकून कडक होते, मसाला तिच्यात मुरतो, आणि आतलं कोलॅजन, म्हणजे ते चिवट पांढरं, हळूहळू जिलेटिन होत जातं. आत 90-95 ला पोचलं की हाड हातानं ओढलं तरी सुटून येतं. ती साल कुकर देऊ शकत नाही, कितीही शिट्ट्या करा. आणि "निखारा ठेवून तुपाचा धुंगार दिला की झालं की" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, धुंगार छानच लागतो पण तो दहा मिनिटांचा पाहुणा आहे, वरच्यावर वास देऊन जातो.

आता आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एक बेळगावची गोष्ट. मांसात खुपसायचा थर्मामीटर घेतला की लोक तो उकळत्या पाण्यात धरून तपासतात, 100 दाखवला तर बरोबर. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, इथं पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. तेव्हा तुमचा थर्मामीटर 97 दाखवतोय म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

व्हिडिओ बघून करणाऱ्यांचं जिथं फसतं ते म्हणजे प्राणी. टेक्ससचे लोक बारा-चौदा तास धूर देतात तो गाईबैलाच्या छातीच्या मांसाला, त्यात चरबीच्या रेघा असतात म्हणून ते टिकतं. आपलं बोकड बारीक, चरबी कमी, त्याला तेवढा वेळ उघडं ठेवलं तर लाकूड होऊन बाहेर येणार. म्हणून मी खाटकाकडनं फऱ्या, म्हणजे पुढच्या पायाचा खांदा, मागतो, मांडी नाही, दीडेक किलोचा अख्खा, त्यानं सुरा उचलायच्या आधी "तुकडे नकोत" म्हणून ओरडावं लागतं नाहीतर सवयीनं खटाखट करून मोकळा होतो. आदल्या रात्री किलोला 15 ग्रॅम हिशोबानं मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडाच ठेवायचा. सकाळी रंगाला ब्याडगी, झणक्याला चिमूटभर संकेश्वरी, आलं-लसूण, मिरी, थोडा गूळ. गूळ थेट जाळावर करपतो पण एवढ्या मंद आचेला काही होत नाही. मग दोन-अडीच तास उघडा धूर, मटण गार आणि ओलसर असतं तेव्हाच धूर नीट धरतं म्हणून तो सुरुवातीलाच द्यायचा, आणि नंतर वर चरबीचे तुकडे ठेवून फॉइलमध्ये गच्च गुंडाळून परत आत. शेवटी बाहेर काढून अर्धा तास तसंच ठेवायचं, ह्या अर्ध्या तासात घरातली माणसं सगळ्यात जास्त त्रास देतात.

धूर म्हणजे पांढराफेक ढग नव्हे. तसा धूर निघतोय म्हणजे लाकूड नीट जळत नाहीये आणि मटण कडवट होणार. दिसेल न दिसेल असा निळसर धूर पाहिजे, आणि तो येतो हवेच्या भोकांवर लक्ष ठेवल्यानं. सगळा छंद खरं तर ह्या दोन भोकांचा आहे, खालून हवा किती घ्यायची आणि वरून धूर किती सोडायचा, मसाल्याचं कौतुक लोक उगाच करतात. जाळायला बाभळीचा कोळसा आणि वर पेरूच्या वाळलेल्या फांदीचे दोन-तीन तुकडे, बस. निलगिरी नको, तेलकट असते. जुन्या दाराचं प्लायवूड तर अजिबात नको. चंदगड-खानापूर भागात काजूची टरफलं स्वस्तात मिळतात ती पण नको, त्यातल्या तेलानं कातडी सोलते, ते पोटात कशाला? आणि उद्यमबागेत, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या भागात, कोणी ओळखीचा असला की फाउंड्रीचा कोक पोतंभर देतो म्हणतो, त्याला हात जोडून नको म्हणायचं, तो लोखंड वितळवायला आहे.

पण उद्यमबागेत जा जरूर, ड्रम करून घ्यायला. परदेशी ग्रीलच्या किमती बघून बरेच जण तिथंच थांबतात, त्यांना मी सांगतो की हे मूळचं फॅब्रिकेशनवाल्याचंच काम आहे. झाकणवाला गोल वेबर ग्रील 1952 मध्ये शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफननं केला, तो धातूकामाच्या वर्कशॉपमधलाच माणूस, पाण्यावर तरंगणारे बोये बनवायचे तिथं, त्यानं एक अर्धा कापला, पाय लावले आणि झाकण बसवलं. आपल्याकडं वेल्डिंगवाल्यांची काय कमी आहे? दोनच अटी: ड्रम केमिकलचा नको आणि पत्रा गॅल्व्हनाइज्ड नको, तापला की जस्ताचा धूर सुटतो. करून आणला की एकदा आत मोठा जाळ करून रंग-तेल सगळं जाळून टाकायचं. आणि बंद गॅरेजमध्ये, पार्किंगमध्ये, पावसात जिन्याखाली वगैरे कधीच नाही, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो.

पाऊस आला की तसाही विषय बंद, आपला पाऊस काय असतो तुम्हाला माहितीये, आणि त्यात श्रावण, मग गणपती. खरा सीझन दिवाळीनंतर, थंडीत. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून. शेजारच्या कन्नड आजी सुरुवातीला भिंतीवरनं "एन्री, इष्टु होगे?" म्हणायच्या, म्हणजे एवढा कसला धूर. त्या शाकाहारी, त्यांचं बरोबरच आहे. आता वारा त्यांच्याकडं असला तर मी पेटवतच नाही, आणि नसला तर जाळीच्या कडेला त्यांच्यासाठी मक्याची कणसं असतात.

तुम्हाला करायचंच असेल तर फऱ्यापासून सुरू करू नका, चिकनच्या तंगड्या घ्या. कोळसा एका बाजूला, तंगड्या दुसऱ्या बाजूला, झाकण बंद, तास-दीड तास, हाडाजवळ 74 अंशाच्या वर गेलं पाहिजे, मग शेवटी दोन मिनिटं थेट निखाऱ्यावर कातडं कुरकुरीत करायला. ड्रम नसला तर पहिल्यांदा माझा न्या, फक्त राख काढून परत द्या, मेव्हण्यानं अजून दिलेला नाही.