आमची वाटचाल: नळीचं दुसरं टोक

पुण्यात दत्तवाडीत आमचं गॅरेज सुरू होऊन २८ वर्षं झाली. तेव्हा पाटीवर ‘कार्बोरेटर ट्यूनिंग’ एवढंच लिहिलेलं होतं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. पद्मिनी, ११८ एनई, काँटेसा, मारुती ८०० या गाड्या यायच्या आणि तक्रारी ठरलेल्या असायच्या: स्लो बसत नाही (पाय काढला की इंजिन मंद गतीवर टिकत नाही), पिकअप नाही, मिसिंग होतंय. मी कार्बोरेटर खोलायचो, जेट साफ करायचो, स्क्रू फिरवून द्यायचो. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा दारात. परत आलेल्या गाडीचे पैसे घ्यायचे नाहीत हे मी पहिल्यापासून पाळलं, त्यामुळे पहिली दोन वर्षं हातात काही उरत नव्हतं.

बिघाड बहुतेक वेळा कार्बोरेटरमध्ये नसायचाच. इंजिन भलतीकडून हवा खात असायचं. मॅनिफोल्डवरच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपवरच्या) निप्पलला लावलेली बोटभर रबरी नळी उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने तडकलेली असते, वरून दिसत नाही, वाकवली की चीर उघडते. तिथून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, मग माणूस स्लोचा स्क्रू पिळत बसतो. मीही तेच करत होतो.

आणि एक गाडी मी स्वतः बिघडवली, तेही इथे लिहायला हवं. इंजिनच्या कामासाठी सगळ्या व्हॅक्यूम नळ्या (इंजिनची हवेची ओढ झडपांपर्यंत नेणाऱ्या) एकदम काढून परातीत ठेवल्या आणि बसवताना अंदाजाने बसवल्या. गाडी चालू झाली, पण पहिल्यासारखी कधीच झाली नाही. चूक माझी आहे हे मालकांना सांगायला मला महिना लागला. ते काम नंतर फुकट करून दिलं, पण तो महिना अजून टोचतो.

त्यानंतर प्रभात रोडवरच्या एका निवृत्त प्राध्यापकांची जुनी टोयोटा आली. १९८०च्या दशकातली, दूतावासाकडून लिलावात विकत घेतलेली. त्या काळातल्या अनेक जपानी गाड्यांत प्रदूषण कमी करायला कॉम्प्युटरऐवजी व्हॅक्यूमवर चालणाऱ्या झडपा असायच्या. बॉनेटखाली कोणती नळी कुठे जाते याचा नकाशा चिकटवलेला असतो. या गाडीचा नकाशा उडून पांढरा पडला होता. मी ३१ नळ्या मोजल्या. त्यातल्या सात स्क्रू घालून बंद केलेल्या होत्या, एकीत सायकलच्या बेअरिंगची गोळी कोंबलेली.

सरांनी विचारलं, “किती दिवस लागतील?”

“सर, आधी सगळं कागदावर उतरवतो. दुरुस्तीचं नंतर बघू.”

“उतरवा. मला घाई नाही. फक्त काही बंद करून टाकू नका. ज्याने इंजिन केलं त्याने नळी उगाच नाही लावली.”

आमच्या गॅरेजचा नियम त्या दिवशी ठरला. एका वेळी एकच नळी काढायची. दोन्ही टोकांना एकाच आकड्याची कापडी पट्टी दोऱ्याने बांधायची, ती वहीत काढायची, मगच पुढची. मॅनिफोल्डच्या मागे गेलेली नळी डोळ्यांनी सापडत नाही. तिथे एका टोकाला हातपंप लावून व्हॅक्यूम द्यायचा आणि कुठली झडप हलते ते बघायचं.

त्या गाडीत ईजीआर झडपेची नळी मॅनिफोल्डला जोडलेली निघाली. ही झडप सायलेन्सरकडे जाणारा थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात सोडते, त्यामुळे जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. पण स्लोला ती बंदच हवी. म्हणून तिचा व्हॅक्यूम थ्रॉटलच्या पातीच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झाकणाच्या) वरच्या छिद्रातून घेतात. पाती मिटलेली असताना तिथे व्हॅक्यूम नसतो, पाय दाबला की येतो. मॅनिफोल्डला स्लोवर पूर्ण व्हॅक्यूम असतो. म्हणजे सिग्नलला गाडी थांबली की झडप उघडायची आणि इंजिन बंद पडायचं. कुणीतरी त्यावर उपाय म्हणून नळीत स्क्रू घातला. इंजिन बंद पडणं थांबलं, पण चढाला खडखड सुरू झाली, कारण स्पार्कचं टायमिंग हा वायू येणार असं धरूनच ठरवलेलं होतं. मग आणखी कुणी टायमिंग मागे घेतलं, आणि ॲव्हरेज गेलं. एका नळीपायी तीन दुरुस्त्या, तिन्ही चुकीच्या.

त्याच नळीच्या वाटेत पाण्याच्या उष्णतेवर उघडणारी एक झडप होती, इंजिन गार असताना ईजीआर बंद ठेवणारी. ती चालते का हे बघायला मी घरी आईचं चहाचं पातेलं घेतलं. झडप पाण्यात, शेजारी थर्मामीटर, नळीचं टोक माझ्या तोंडात. फुंकर अडत होती, अडत होती, आणि पारा पन्नाशीच्या जरा पुढे गेल्यावर एकदम बुडबुडे आले. आई म्हणाली, “एवढ्यासाठी गॅस जाळलास?” त्या बुडबुड्यांचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

सरांना शेजारी बसवून गाडी जुन्या कात्रज घाटात नेली. तिसऱ्या गिअरमध्ये चढली, खडखड नाही.

पुण्यात काम करणाऱ्यांसाठी एक सांगतो. व्हॅक्यूम गेजबद्दल पुस्तकांत लिहितात की स्लोला १८ ते २१ इंच पारा हवा. तो समुद्रसपाटीचा आकडा आहे. उंचीच्या दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी होतो आणि पुणं सुमारे ५६० मीटरवर आहे. इथे काटा १७ वर स्थिर असेल तर इंजिन ठणठणीत आहे. मी या दोन इंचांसाठी चांगली इंजिनं उगाच उकरली आहेत. आकड्यापेक्षा काट्याची थरथर बघावी.

नळ्यांतली हवेची गळती शोधायला काही मिस्त्री उदबत्तीचा धूर वापरायचे. पेट्रोलच्या वाफेशेजारी निखारा नको म्हणून आमच्याकडे ते बंद केलं. आता बेबी ऑइल तापवून धूर करणारं छोटं यंत्र आहे. एक-दोन पीएसआयच्या वर दाब देत नाही, नाहीतर जुनी सीलं जातात.

डिझेल गाड्या आम्ही फारशा घेत नाही, पण मर्सिडीज डब्ल्यू १२३ चालवणाऱ्या एक काकू किल्ली हातात घेऊन आत आल्या ते आठवतं. “अहो, किल्ली माझ्याकडे आहे आणि गाडी चालूच आहे!” त्या गाडीत इंजिन बंद होतं तेही व्हॅक्यूमने आणि दारांची कुलुपं लागतात तीही त्याच पंपावर. बॉनेटखालचा स्टॉपचा दांडा दाबून इंजिन थांबवलं. फाटलेला रबरी पडदा सापडला मागच्या डाव्या दाराच्या आत.

नळ्यांच्या मालाने आम्हाला बराच त्रास दिला. नाना पेठेतून आणलेल्या रंगीत सिलिकॉन नळ्या दिसायला छान, पण पातळ नळी वळणावर व्हॅक्यूमने चपटी होते, आणि पेट्रोलची वाफ सिलिकॉनमधून झिरपते. चारकोल कॅनिस्टरच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्याच्या) लाइनला आम्ही ती लावत नाही, तिथे पेट्रोलसाठीचीच नळी. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून तर जुन्या रबराची आतली साल सुटून कार्बोरेटरमध्ये जाताना दिसते. काटकोनी वळणाच्या नळ्या मिळेनात म्हणून भोसरीत एकांकडून साच्यात करून घेतल्या. पहिला लॉट सहा महिन्यांत कडक झाला. सगळा फेकला, ज्या गाड्यांना लावला होता त्यांना बोलावून बदलून दिला. दुसऱ्या वेळी रबर बदललं, तो आजवर टिकलाय. ब्रेक बूस्टरच्या (व्हॅक्यूमने ब्रेक हलका करणाऱ्या भागाच्या) नळीत मात्र तडजोड नाही: जाड भिंतीची, व्हॅक्यूमसाठीचीच, आणि झडप तपासूनच.

आता आम्ही नळ्या शोधण्याचे वेगळे पैसे घेतो आणि नकाशा काढून मालकांना देतो. सुरुवातीला लोक म्हणायचे, “कागदाचे कसले पैसे?” आता तेच लोक तो कागद लॅमिनेट करून गाडीत ठेवतात. नकाशे काढते आमच्याकडची डिप्लोमा झालेली मुलगी. तिचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ आहे आणि नजरही. ‘पीयूसीपुरतं बसवून द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. बीएस-२ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, सगळ्या नळ्या जागेवर असलेलं आणि नीट लावलेलं इंजिन तिच्या बरंच खाली राहतं.

सध्या शेडमध्ये मुंबईहून आलेली एक जुनी होंडा आहे. १९ नळ्या वहीत आल्या. विसावी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूच्या काळ्या डब्यात शिरते आणि डब्यातून पाच बाहेर पडतात. डबा उद्या सकाळी उघडणार आहोत.