तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीला गिऱ्हाइकांना काय देता?

कराडला आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, आता मी आणि माझे दीर बघतो. नवीन दुकान टाकणारी पोरं, माहेरचे भाचे, कधी बँकेतले साहेब, सगळे फिरून फिरून एकच विचारतात, "वहिनी, दिवाळीला गिऱ्हाइकांना काय देता? ऑनलाइन एवढं बोकाळलंय, तरी लोक तुमच्याकडेच कसे येतात?" पहिल्या प्रश्नाचा दुसऱ्याशी फारसा संबंध नाही असं माझं मत आहे. पण विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

दिवाळीला आम्ही कॅलेंडर देतो. बस. तेही मोक्याच्या जागी लागत नाही, कारण स्वयंपाकघरातला खिळा १९७३ पासून कालनिर्णयनं अडवलेला आहे. आमचं आपलं बेडरूमच्या दारामागे. सासरे एके काळी स्टीलची डबी द्यायचे. मग "जाऊबाईंना मोठी दिलीत" सुरू झालं. पुढे डबीचा हक्कच झाला, आणि हक्काच्या वस्तूबद्दल कुणी खूश होत नाही, फक्त ती मिळाली नाही की रागावतं. सगळ्यांना एकाच दिवशी एकसारखं वाटलं की ते कुणालाच आपल्यासाठी आहे असं वाटत नाही.

भाच्यानं मध्यंतरी पॉइंटवालं ॲप घ्या म्हणून पिच्छा पुरवला. शंभराला एक पॉइंट, सहा महिन्यांत वापरले नाहीत तर गेले. मी म्हटलं, अरे, हे मागच्या खरेदीचे आभार आहेत की पुढच्या खरेदीचं आमिष? आमिष लावायला माझी हरकत नाही, धंदाच आहे. त्याला आभार म्हणू नये एवढंच. त्याहून मला खटकते ती दुसरी रीत, नव्या माणसाला पहिल्या खरेदीवर दहा टक्के सूट. ज्या बाईनं तीन लेकींचे संसार आमच्याकडून घेतले तिनं पूर्ण भाव द्यायचा, आणि काल गावात आलेल्याला सवलत! तिच्या कानावर हे गेल्याशिवाय राहत नाही. भांड्यांच्या दुकानात बायका बोलत असतात.

खरी परीक्षा होते ती माणूस काही घ्यायला आलेलं नसतं तेव्हा. आमच्याकडे रोज कुणी ना कुणी कुकरचं झाकण पिशवीत घालून येतं. बाजूनं वाफ जाते, शिट्टी होत नाही. रिंग कडक झालेली असते, आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून ठेवून चालवलेली असते. त्यातले निम्मे कुकर आमच्याकडचे नसतात. बाई आधीच ओशाळलेली असते, "वहिनी, हा मुलानं ऑनलाइन मागवला होता…" अशा वेळी "मग त्यांनाच विचारा" हे वाक्य दुकानदाराच्या जिभेवर येतंच. ते गिळायचं. झाकण हातात घ्यायचं, आत बसणारं की बाहेरून बसणारं ते बघायचं, मापाची रिंग काढून आपल्या हातानं बसवून द्यायची. रिंगचे पैसे घ्यावेत, बसवण्याचे घेऊ नयेत. दांड्याचा स्क्रू ढिला असेल तर न विचारता आवळायचा. धुतल्यावर रिंग झाकणातच अडकवून ठेवू नका, सुटी वाळवा, हेही सांगायचं, म्हणजे ती जास्त टिकेल आणि आपली पुढची रिंग उशिरा खपेल. सेफ्टी व्हॉल्व्ह उडालेला असेल तर मात्र त्याच कंपनीचा घ्यायला लावते, कितीही ओळख असो. आणि कुकरवर आयएसआयचा शिक्का नसेल तर तोंडावर सांगते. १ फेब्रुवारी २०२१ पासून त्या शिक्क्याशिवाय घरगुती कुकर विकायलाच बंदी आहे, तरी येतात असले. ती बाई लगेच नवा कुकर घेत नाही. घ्यावा अशी माझी अपेक्षाही नसते.

मोडीचंही तसंच. आजेसासूची पितळेची परात, ठोक्याचं तपेलं घेऊन लोक येतात, "मोडीत घाला आणि स्टीलचे डबे द्या." मोडीत दुकानदाराचा दोन्हीकडून फायदा, मोडही मिळते आणि नवा मालही जातो. पण भांडं जड असेल, बूड शाबूत असेल, तर आम्ही सांगतो, हे मोडू नका, कल्हई करून घ्या, असल्या वजनाचं आज घ्यायला गेलात तर दचकाल. कल्हईवाल्याचा नंबर देतो. कधी ऐकतात, कधी नाही. दीर म्हणतात, तू गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक परत पाठवतेस. पाठवते.

२०२५ च्या गणपतीत तर सगळीच मजा. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलची बातमी आली की भांड्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर येणार, पण २२ तारखेपासून. दुसऱ्याच दिवशी एक जुनं कुटुंब दारात, तुळशीच्या लग्नानंतर लेकीचं लग्न, संसाराची भलीमोठी यादी. मी यादी लिहून घेतली, माल बाजूला काढला आणि म्हटलं, घटस्थापनेला या, कर कमी लागेल. आगाऊ रक्कमही घेतली नाही. त्यांनी मधल्या दिवसांत दुसरीकडे चौकशी केली असेल, करू दे. माझ्या चांगुलपणाचं फार कौतुक नको, मध्ये पितृपक्ष होता, तसंही कोण भांडी घेतंय! पण गिऱ्हाइकाच्या खिशातले वाचू शकणारे पैसे आपल्याला आधी कळले असतील तर ते त्याला सांगणं, हे माझ्या हिशेबी मिठाईच्या पुड्यापेक्षा मोठं.

उधारीबद्दल थोडक्यात. आमचा भाग उसाचा. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत कारखान्यानं शेतकऱ्याला बिल, म्हणजे उसाचे पैसे, द्यायचे हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम, पण नियमानं पैसे आले असते तर "ऊसबिल आलं की देतो" हे वाक्य एवढं रुळलं नसतं. वर्षानुवर्षांच्या माणसाला या वाक्यावर संसार देतो, वहीत लिहितो, फोन करत नाही. नव्याला देत नाही. जुनेपणाचा मान कुठे दिसायला हवा असेल तर तो इथे.

आणि नावं. भांड्यावर नाव घालून देणं आमच्याकडे फुकट. मशीनची सुई घरघरते, दुकानभर आवाज. आधी चिठ्ठीवर नाव लिहून घ्यायचं, ते गिऱ्हाइकाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं, कारण 'सुनिता' की 'सुनीता' यावरून रुसवे झालेले आहेत. नाव काठाखाली बाहेरून घालायचं, आत घातलं तर त्यात खरकटं अडकतं. लग्नाचं असलं तर 'चि. सौ. कां.', वर्षश्राद्धाला वाटायची असली तर 'कै.' आणि 'स्मरणार्थ'. ही दुसरी नावं घालताना आमचा मुलगा मशीनवर असला तरी मोबाइलवर गाणी लावत नाही. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, तो सतरा-अठराचा असल्यापासून आमच्याकडे आहे, लोक ओळखतो. मुलगा म्हणजे आमचा कामगार, पण आता घरचाच. गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर आधी असा माणूस टिकवा. मी कितीही गोड बोलले तरी रिंग बसवणारा हात त्याचा असतो. पगार वेळेवर, लग्नसराईत उशीर झाला तर जेवण आमच्या घरी, आणि गिऱ्हाइकासमोर त्याला कधीही झापायचं नाही.

एकदा नावं घातलेला अख्खा संसार परत आला. लग्न मोडलं होतं. मुलीचे वडील टेम्पो लांब उभा करून एकटे आत आले, बिल पुढे केलं आणि म्हणाले, "बिननावाची तेवढी घेता येतील का?" मी सगळी घेतली. नाव पॉलिशवर घासून काढता येतं, भांडं किंचित पातळ होतं, कमी भावात जातं. नुकसान झालंच. का मोडलं, कुणी मोडलं, आम्ही विचारलं नाही, आणि मुलाला सांगितलं की ते डबे पुढे मांडायचे नाहीत, आधी पॉलिशला पाठवायचे. ते कुटुंब पुन्हा आमच्या दुकानात आलं नाही. मला त्यात वावगं वाटत नाही, आमच्या पायरीवर त्यांना तेच आठवणार. हे सांगते कारण विचारणाऱ्यांना वाटतं, चांगलं वागलं की गिऱ्हाईक येतंच. नेहमी येत नाही. ज्यांना हे हिशेबात धरता येत नाही त्यांनी पॉइंटवालं ॲपच घ्यावं, त्यात निदान आकडे दिसतात.

लोकांची माहिती ठेवावी, पण ती पाजळू नये हाही त्यातलाच भाग. "मुलगी नांदतेय ना?" असं प्रेमानं विचारणारे दुकानदार आहेत. आपल्याला फक्त ताटाचं माप आठवलं तरी पुरे. "मागच्या वेळी तुम्ही साडेबारा इंचीची नेली होती, त्याच गेजमध्ये (जाडीत) आहेत" एवढं म्हटलं की पुढची चार वाक्यं गिऱ्हाईक स्वतःहून बोलतं.

तर दुकान टाकत असाल आणि दिवाळीच्या भेटीसाठी काही रक्कम काढून ठेवली असेल, तर या वर्षी ती सुट्या भागांत घाला. दोन, तीन, पाच लिटरच्या रिंगा दोन्ही प्रकारच्या, शिट्ट्या, दांडे, झाकणाच्या मुठी, लांब-आखूड स्क्रू, आणि एक बरा पान्ह्यांचा संच. जुन्या मॉडेलचे भाग कुठे दिसले तर चार जास्तच उचला. ते मिळेनासे होतात, आणि ते शोधत येणारी माणसं मात्र येतच राहतात.